बाउंटीचा नांगर आणि बेटावरच्या बाया



नांगर म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकींच्या डोळ्यांपुढे शेत येतं, बैल येतात, नाहीतर ट्रॅक्टर येतो. पण रायगड-रत्नागिरीकडच्या आपल्या कोळीणबाईला हाच शब्द ऐकवा. तिला होडी दिसेल, दोर दिसेल आणि पाण्यात सोडलेलं लोखंड दिसेल. आपल्या मराठीत दोघांनाही नांगरच म्हणतात. शेतातला नांगर जमीन फाडत पुढे जातो. समुद्रातला नांगर तळाशी रुतून बसतो आणि जहाजाला जागेवर धरून ठेवतो. शब्द एकच, काम मात्र उलट.

आजची गोष्ट समुद्रातल्या नांगराची. प्रशांत महासागरात पिटकेर्न नावाचं एक इवलंसं बेट आहे. न्यूझीलंडपासून पाच हजार किलोमीटरहून जास्त लांब. विमानतळ नाही, धड बंदरही नाही. सगळं बेट मिळून साडेअकराशे एकरांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढं. आज तिथं जेमतेम पन्नासेक माणसं राहतात. अ‍ॅडम्सटाउन हे त्यांचं एकुलतं एक गाव. तिथल्या चौकात, सार्वजनिक सभागृहासमोर, माणसापेक्षा लांब असा एक जुना लोखंडी नांगर मांडून ठेवलेला आहे. तो ‘बाउंटी’ नावाच्या इंग्रजी जहाजाचा नांगर.

बाउंटीवरच्या बंडाबद्दल पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. कप्तान कसा होता, बंडखोर कसे होते, यावर लोक दोनशे वर्षं वाद घालत आलेत. त्याच जहाजातून डझनभर बायाही या बेटावर आल्या होत्या. त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आज आपण त्यांच्या बाजूने ही गोष्ट बघू या.

नांगर धरतो कसा?

आधी ही वस्तू समजून घेऊ. जुन्या जहाजाच्या नांगराला मधे एक लांब लोखंडी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला दोन वाकडे हात, आणि हातांच्या टोकांना चपटे, टोकदार फाळ. वरच्या टोकाला कडी, तिच्यात जाड दोर ओवलेला. कडीजवळ एक आडवा ओंडका बसवलेला असतो. हे दोन हात ज्या दिशेला असतात, त्याच्या काटकोनात. या ओंडक्यामुळे नांगर तळाशी आडवा झोपून राहत नाही. दोनातला एक फाळ खाली वळतोच, आणि जहाजाने दोर ओढला की तो वाळूत नाहीतर चिखलात घुसतो.

नुसत्या वजनावर नांगर जहाज धरत नाही, ही यातली गंमत. दोर लांब सोडावा लागतो, म्हणजे ओढ आडवी बसते आणि फाळ आणखी खोल जातो. दोर आखूड ठेवला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटून निघतो. जहाजावर असे नांगर एकाहून जास्त असत, कारण वादळात दोर तुटायचा, खडकात नांगर अडकायचा. कधी घाई असली तर खलाशी स्वतःच दोर कापून नांगर तसाच टाकून निघून जायचे. ही दोर कापायची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती येणार आहे.

जहाज निघालं फणस आणायला

बाउंटी काही मोठं लढाऊ जहाज नव्हतं. इंग्लंडच्या हल शहरात १७८४ मध्ये ते बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव ‘बेथिया’ होतं आणि ते व्यापारी मालवाहू जहाज होतं. १७८७ मध्ये इंग्रज आरमाराने ते विकत घेतलं, नाव बदललं आणि ताहिती बेटावरून रोपं आणायला पाठवलं. रोपं कसली? नीरफणसाची. कोकणात आणि गोव्यात ज्याची कापं तळतात, तोच हा नीरफणस. ताहितीच्या लोकांचं ते रोजचं अन्न.

इंग्रजांना ही रोपं हवी होती वेस्ट इंडीजच्या बेटांसाठी. तिथं त्यांचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. गुलामांना स्वस्तात खाऊ घालायचं, म्हणून नीरफणसाची झाडं लावायची, असा हिशेब. साखर गोड असते, पण तिच्यामागचा हिशेब असा होता.

विल्यम ब्लाय हा कप्तान, आणि जहाजावर सगळे मिळून ४६ पुरुष. २३ डिसेंबर १७८७ ला ते निघाले आणि ऑक्टोबर १७८८ मध्ये ताहितीला पोचले. रोपं तयार होईपर्यंत पाच महिने तिथंच मुक्काम पडला. खलाशांची तिथल्या बायकांशी ओळख झाली, कुणाचं कुणावर मन बसलं. एप्रिल १७८९ मध्ये हजारावर रोपं घेऊन जहाज परत निघालं. तीन आठवडे झाले आणि २८ एप्रिलला पहाटे फ्लेचर ख्रिश्चन नावाच्या अधिकाऱ्याने बंड केलं. ब्लाय आणि त्याच्याबरोबरचे १८ जण एका उघड्या होडीत सोडून दिले गेले. रोपं समुद्रात फेकली गेली. ब्लायने त्या होडीतून साडेसहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून तिमोर बेट गाठलं. तो इंग्लंडला पोचला, म्हणजे आता आरमार बंडखोरांना शोधणार हे ठरलेलं. पकडलं तर फाशी.

रात्रीत कापलेला दोर

बंडखोर आधी तुबुआई नावाच्या बेटावर वस्ती करायला गेले. तिथल्या लोकांशी मारामाऱ्या झाल्या, ते जमलं नाही. मग सगळे ताहितीला परत आले. त्यातले १६ जण तिथंच राहिले. ख्रिश्चन आणि आणखी ८ गोऱ्यांनी मात्र ठरवलं, की कुणालाही सापडणार नाही अशा ठिकाणी जायचं.

सप्टेंबर १७८९ मधली ती रात्र. जहाजावर ताहितीच्या बऱ्याच बायका आलेल्या होत्या. भेटायला आलेल्या, जेवायला आलेल्या. काहींना आपल्या माणसाबरोबर जायचंच होतं. पण सगळ्यांना काही सांगितलेलं नव्हतं. रात्री ख्रिश्चनने नांगराचा दोर कापला आणि जहाज चालू लागलं. सकाळी किनारा दूर गेलेला. एकीने पाण्यात उडी मारली आणि पोहत परत गेली. काही वयस्क बायकांना वाटेतल्या एका बेटाजवळ उतरवून दिलं. बाकीच्यांना घेऊन जहाज पुढे निघालं. नऊ गोरे, सहा पॉलिनेशियन पुरुष, डझनभर बायका आणि एक तान्ही मुलगी.

मैत्रिणींनो, पुस्तकांत याला ‘बंडखोरांचं पलायन’ म्हणतात. ज्या बाईला न विचारता तिच्या गावापासून तोडलं, तिच्या बाजूने याला काय म्हणायचं? पळवून नेणंच ना?

हे सगळं आपल्याला कळतं, याचं बरंचसं श्रेय त्यांच्यातल्याच एका बाईला आहे. तिचं नाव तेएहुतेआतुआओनोआ. गोऱ्यांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी तिला ‘जेनी’ केलं. १८१७ मध्ये एका जहाजातून ती पिटकेर्न सोडून गेली. तिने सांगितलेली हकिगत १८१९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात छापून आली. बंडखोरांचं म्हणणं पुढे अनेकांनी लिहून घेतलं. या बायकांच्या बाजूने स्वतःची साक्ष मात्र तिने दिली.

नवं नाव, वाटून घेतलेली जमीन

जानेवारी १७९० मध्ये त्यांना पिटकेर्न सापडलं. इंग्रजांच्या नकाशात हे बेट चुकीच्या जागी दाखवलेलं होतं. म्हणजे लपायला याहून चांगली जागा नाही. जहाजातलं उपयोगी सामान त्यांनी किनाऱ्यावर उतरवलं आणि २३ जानेवारी १७९० ला जहाज पेटवून दिलं. दूरून कुणाला शीड दिसू नये म्हणून. पण जहाज जळलं तसा परतीचा रस्ताही जळला. जिला ताहितीला आईकडे जायचं होतं, तिचाही.

मग वाटणी झाली. बेटाची जमीन नऊ गोऱ्यांनी नऊ वाट्यांत आपसात वाटून घेतली. पॉलिनेशियन पुरुषांना काही नाही. बायकांना तर प्रश्नच नाही, कारण बायकाही वाटणीतच होत्या. नऊ गोऱ्यांना प्रत्येकी एक. उरलेल्या तिघी सहा पॉलिनेशियन पुरुषांत.

नावंही बदलली. माउआटुआ नावाची एक बाई ख्रिश्चनबरोबर होती. ती उंच, म्हणून खलाशांनी तिचं नाव ठेवलं ‘मेनमास्ट’, म्हणजे जहाजाची मधली डोलकाठी. नंतर ती ‘इसाबेला’ झाली. तेराउरा ‘सुझाना’ झाली. तूफाइती ‘नॅन्सी’ झाली. लग्नाच्या दिवशी तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची आपली रीत आठवली ना? आपल्याकडे निदान हौसेनं लिहितात. तरी माहेरचं नाव हरवतं ते हरवतंच.

थोड्याच दिवसांत एका गोऱ्याची बाई कड्यावरून पडून मेली. समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायला ती गेली होती. त्या माणसाने मग एका पॉलिनेशियन पुरुषाची बाई, तूफाइती, आपल्याकडे ओढून आणली. तिथून वैर पेटलं. १७९३ मध्ये कत्तल झाली. ख्रिश्चनसकट पाच गोरे मारले गेले, आणि त्यानंतर सगळे पॉलिनेशियन पुरुषही. त्या खुनाखुनीत काही बायकांचाही हात होता. चार गोरे उरले, आणि दहा-अकरा बायका, आणि लहान लहान पोरं.

बायकांची होडी

आता बायकांनी काय केलं ते ऐका. त्या म्हणाल्या, आम्हाला घरी जायचंय. १७९४ मध्ये त्यांनी होडी बांधायला घेतली. जेनीने तर आपल्या घराच्या फळ्या उपटून दिल्या. बाकीच्यांनीही द्याव्यात म्हणून ती मागे लागली. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात ढकलली आणि ती लगेच उलटली. कुणी बुडलं नाही, पण ताहितीची आशा त्या दिवशी संपली.

सुतारकाम कुणी शिकवलेलं नाही, समोर दोन हजार किलोमीटरचा समुद्र. तरी घराच्या फळ्या काढून होडी बांधली. मला विचाराल तर या बेटाच्या इतिहासातली सगळ्यात मोठ्या हिमतीची गोष्ट ही आहे. त्या होडीची एक फळीसुद्धा आज कुठं मांडलेली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बायकांनी पुरुषांना झोपेत मारायचा बेत केला. तो उघडा पडला. त्यानंतर जरा कुणी त्रास दिला की त्या बंदुका घेऊन रानात निघून जात. पुरुष वचकून राहायला लागले.

मग आली दारू. उरलेल्या चौघांपैकी मॅकॉय नावाच्या माणसाने पूर्वी दारूच्या भट्टीवर काम केलेलं होतं. १७९८ मध्ये त्याने तिथल्या ‘टी’ नावाच्या झाडाच्या मुळापासून दारू काढली. पुढे नशेत त्याने कड्यावरून उडी टाकून जीव दिला. दुसरा एक, क्विंटल, इतका दंगा करायला लागला, की बाकीच्या दोघांनी त्याला मारून टाकलं. उरलेल्या दोघांतला यंग १८०० मध्ये दम्याने गेला. दारूची भट्टी गावात आली की कुणाच्या घरात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दहा बाया आणि वीसेक लेकरं

म्हणजे १८०० साली पिटकेर्नवर मोठा पुरुष एकच उरला, जॉन अ‍ॅडम्स. त्याच्यासोबत दहाएक बायका आणि वीसेक मुलं. आजचं अ‍ॅडम्सटाउन हे गावाचं नाव त्या एका माणसावरून आहे. अ‍ॅडम्सने बाउंटीवरच्या बायबलवरून मुलांना वाचायला शिकवलं, हे खरं. त्याचं श्रेय त्याला आहे.

पण वीसेक लेकरांना रोज खाऊ कोण घालत होतं? जमीन खणून, दगड तापवून, त्यात कंदमुळं आणि नीरफणस पुरून भाजायची ताहितीची रीत होती. ती या बायकांनी आणली. रताळी, सुरणासारखे कंद, नारळ, कोंबड्या, डुकरं, हे सगळं सांभाळण्याचं ज्ञान त्यांचं होतं. जहाजातून आणलेलं कापड फाटलं तेव्हा अंगावर घालायला ‘तापा’ केलं तेही त्यांनीच. तापा म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. अंबाडीची साल कशी भिजवून सोलतात, तशी एका झाडाची आतली साल काढायची, भिजवायची आणि ओंडक्यावर ठेवून लाकडी दांड्याने बडवत बडवत पातळ, रुंद करायची. हे काम बायका एकत्र बसून करत. पिटकेर्नच्या बायकांनी केलेलं तापा आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे.

मुलांची भाषाही तशीच घडली. बापांची जुनी इंग्रजी आणि आयांची ताहिती, दोन्ही मिसळून ‘पिटकेर्न’ नावाची बोली झाली. ती अजून बोलली जाते.

१८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज अचानक तिथं पोचलं. बेटावर पस्तीसेक माणसं होती. होडीतून आलेली तरुण मुलं इंग्रजी बोलत होती हे बघून कप्तान चकित झाला. बंडखोरांचं काय झालं, हे जगाला अठरा वर्षांनी कळलं.

नांगराचा दोर आखूड असला तर तो टिकत नाही, असं मघाशी सांगितलं. या बेटावरच्या पुरुषांनी तीनच वर्षांत एकमेकांना संपवत आणलं होतं. बायकांनी लांब दोर सोडला, पोरं वाढवली, म्हणून वस्ती टिकली. तेराउरा १८५० पर्यंत जगली. त्या पहिल्या पिढीतली ती शेवटची. म्हणजे साठ वर्षं तिने ते बेट धरून ठेवलं.

१८३८ : अठरा वर्षांची बाई मत देते

पुढे अ‍ॅडम्स वारला. देवमाशांची शिकार करणारी जहाजं वरचेवर यायला लागली आणि त्यांवरच्या खलाशांचा त्रास सुरू झाला. जोशुआ हिल नावाचा एक उपटसुंभ १८३२ मध्ये येऊन, मला सरकारने पाठवलंय अशी थाप मारून, काही वर्षं हुकूमशाही गाजवून गेला. शेवटी बेटकऱ्यांनी ठरवलं की आपल्याला लिखित कायदा हवा.

नोव्हेंबर १८३८ मध्ये इंग्रज आरमाराचं ‘फ्लाय’ हे जहाज आलं. कप्तान रसेल इलियट याने लोकांच्या सांगण्यावरून कायदा लिहून दिला. दर वर्षी मॅजिस्ट्रेट निवडायचा. बेटावर जन्मलेल्या आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने मत द्यायचं, पुरुषाने आणि बाईनेही. शिवाय मुलांना शाळा सक्तीची, मुलगा असो की मुलगी.

जरा थांबून हे साल मनात घ्या. १८३८. सावित्रीबाई-जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. न्यूझीलंड देशातल्या बायकांना मत मिळालं १८९३ मध्ये. हा कायदा लिहिणाऱ्या इंग्रज कप्तानाच्या स्वतःच्या देशात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं ते १९२८ मध्ये. आपल्या मुंबई प्रांतात १९२१ मध्ये काही मोजक्या, मालमत्ता असलेल्या बायकांना मिळालं. सगळ्यांना मिळालं ते राज्यघटनेने, आणि पहिलं मतदान १९५१-५२ मध्ये झालं. त्या वेळी देशात २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच सांगितलं. नाव नाही तर मत नाही. नाव ही किती मोठी गोष्ट आहे बघा.

पिटकेर्नला हे इतक्या लवकर का झालं? माझं उत्तर साधं आहे. ज्या गावात लोकांनी लहानपणापासून आयांनाच शेत, चूल, कापड, औषधपाणी सगळं करताना बघितलं, तिथं ‘बाईला काय कळतंय’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटली असेल?

नांगर वर आला

बाउंटीचे अवशेष इतकी वर्षं तिथल्याच किनाऱ्याजवळ पाण्यात होते. १९५७ मध्ये एका अमेरिकन मासिकाचा छायाचित्रकार, लुईस मार्डन, याने पाण्यात उतरून ते शोधले. त्याच वर्षी ‘यँकी’ नावाच्या शिडाच्या जहाजावरच्या मंडळींना हा नांगर सापडला आणि तो वर काढला गेला. चौकात उभा राहिला. आजही दर वर्षी २३ जानेवारीला तिथले लोक बाउंटीची लहान प्रतिकृती करून समुद्रात पेटवतात. बाहेरून येणारे पाहुणे नांगराशेजारी उभे राहून फोटो काढतात.

इथं गोष्ट संपवली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि मलाही. पण अर्धी गोष्ट सांगणं बरोबर नाही.

१९९९ पासून या बेटावर पोलीस तपास सुरू झाला. मुलींवर, अगदी कोवळ्या वयाच्या मुलींवर, वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार होत आले होते. २००४ मध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीश, वकील, सगळे समुद्रमार्गे पिटकेर्नला आले. न्यायालय भरलं ते अ‍ॅडम्सटाउनच्या सार्वजनिक सभागृहात, त्याच नांगरासमोर. अत्याचार झालेल्या बायका तोवर मोठ्या होऊन न्यूझीलंडला गेलेल्या होत्या. त्यांनी तिथून पडद्यावरून साक्ष दिली. सात पुरुषांपैकी सहा दोषी ठरले. त्यात बेटाचा तेव्हाचा महापौरही होता. २००६ मध्ये लंडनच्या वरच्या न्यायालयानेही त्यांचं अपील फेटाळलं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बेटावरच्या काही बायका उघडपणे पुरुषांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलंय’ असं त्या म्हणाल्या. काही तक्रारदारांनी दडपणाखाली तक्रारी मागे घेतल्या. पन्नास माणसांचं गाव, सगळे एकमेकांचे नातेवाईक. पुरुष तुरुंगात गेले तर होड्या कोण चालवणार, ही भीती. घराण्याची अब्रू जाईल, ही भीती. गाव टिकवायचं म्हणून पोरींनी गप्प बसायचं, असं आपल्याकडेही ऐकलंय की नाही?

१८३८ पासून बाईला मत होतं. पण मॅजिस्ट्रेट, पुढे महापौर, दीडशेहून जास्त वर्षं पुरुषच होत राहिले. मत टाकलं, पण खुर्चीत बाई नव्हती, चौकशी करणारी बाई नव्हती, मुलीचं ऐकून घेणारी जागा नव्हती. खटल्यानंतर २००४ च्या अखेरीला पहिल्यांदा थोड्या काळासाठी एका बाईकडे महापौरपद आलं. निवडणूक जिंकून महापौर झालेली पहिली बाई म्हणजे चार्लीन वॉरेन-पेउ. तिने २०२० मध्ये पद हातात घेतलं. मत मिळाल्यापासून १८२ वर्षांनी.

त्या साक्ष देणाऱ्या बायका मला जेनीच्या वारसदार वाटतात. जेनीने बेट सोडलं आणि मग आपली हकिगत सांगितली. यांनीही बेट सोडलं आणि मग सांगितली. आपल्या गावातल्या मुलीला खरं सांगण्यासाठी गाव सोडावं लागू नये, एवढं तरी आपल्याला करता आलं पाहिजे.

गटात बोलण्यासाठी

या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की थोडा वेळ काढा.

एक. आपल्या गावाच्या चौकात, देवळापुढे किंवा वेशीवर काय मांडलेलं आहे? तोफ, वीरगळ, जुनं जातं, एखादा पुतळा? त्याची गोष्ट कोण सांगतं, आणि त्या गोष्टीत बाया कुठं आहेत? गावातल्या सगळ्यात वयस्क आजीला विचारा आणि ती काय सांगते ते वहीत लिहून ठेवा. तिचं माहेरचं नावही लिहा.

दोन. आपल्या घरच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर तलाठ्याकडे काय कागद लागतात, याची चौकशी गटातल्या दोघींनी करून यावी.

तीन. मतदार यादीत आपल्या वस्तीतल्या प्रत्येक बाईचं नाव आहे का, ते बरोबर लिहिलेलं आहे का, ते बघा. नुकतीच १८ वर्षांची झालेली मुलगी राहिली असेल तर तिचं नाव घाला.

चार. एखाद्या मुलीला काही सांगायचं असेल, तर आपल्या गावात ती कुणाकडे जाईल? एक नाव ठरवा. ते नाव मुलींना माहीत करून द्या. मुलांवरच्या संकटासाठी १०९८ हा फोन नंबर आहे, तो बैठकीच्या जागेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

माउआटुआ, तेएहुतेआतुआओनोआ, तेराउरा, तूफाइती. ही नावं म्हणताना जीभ अडखळते, माझीही अडखळली. पण दोन-चार वेळा म्हटली की येतात. म्हणून बघा.

येते मी. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.